सातव्या मजल्यावर बसलेली मी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. हाउसिंग बोर्डाची सात मजली बिल्डिंग, एकेका मजल्यावर आठ बिऱ्हाडं, सतत बंद पडणारी लिफ्ट… तिथे भुताला उभं राहायला तरी जागा कुठली? पण हे घडलं ते घडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो. रंगीत टीव्ही नुकते यायला लागले होते. सातव्या मजल्यावरच्या तांबेवहिनींकडे एक होता, दुबईच्या भावाने आणलेला. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागला की निम्मी बिल्डिंग त्यांच्या दारात चपला काढायची. आमचे हेही. घरात माझ्याशी चार शब्द बोलायचा ज्यांना कंटाळा, ते तिथे म्हणे नकला करून सगळ्यांना हसवायचे. वहिनीच मला जिन्यात गाठून सांगायच्या, "भाऊजी किती गमतीशीर आहेत हो तुमचे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी एकदाही वर गेले नाही.

माझा राग जावा म्हणून ह्यांनी काय आणावं? आमच्या ब्लॅक अँड व्हाइटवर लावायची ती प्लॅस्टिकची रंगीत काच – वर निळी, मधे तांबूस, खाली हिरवी. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी.

त्या शनिवारी हे वर गेले आणि मी एकटीच टीव्हीसमोर बसले. खिडकीतून वरचं हसणं ऐकू आलं. संतापाने मी ती काच ओढून काढली… आणि चित्र रंगीतच राहिलं.

सिनेमा नव्हता तो. तांबेवहिनींचा हॉल होता. सगळे सतरंजीवर, माझ्याकडे तोंड करून बसलेले – जणू त्यांचा टीव्हीच त्यांच्याकडे बघत होता. पुढे हे, आणि ह्यांना खेटून डाळिंबी साडीतली एक बाई. हे तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. ती तोंडाला पदर लावून हसली. माझं डोकंच फिरलं. मग तिने पदर खाली घेतला.

ती मीच होते.

मी टीव्ही बंद केला आणि बसून राहिले. सिनेमा सुटल्यावर हे आले ते हातात माझ्या चपला घेऊन.

"काय गो, मधेच उठून आलीस ती अनवाणीच?"

दाराआड बघितलं. माझ्या चपलांची जागा रिकामी होती.

"माझ्या कानात काय सांगितलंत?" मी कसंबसं विचारलं.

"आता परत कशाला वदवून घेतेस? ऐकलंस ना," म्हणाले आणि चक्क लाजले. लग्नानंतर मी ह्यांना पहिल्यांदाच लाजताना बघत होते.

टीव्ही दाखवला तर मेकॅनिक म्हणाला, गच्चीवर अँटेनाच्या वायरी एकमेकींना चिकटल्या असतील. असतीलही… पण वायरीतून चपला जातात का?

पुढे आमच्याकडेही रंगीत टीव्ही आला. हे शेजारी बसायचे, गप्प. मी कितीदा तरी विचारलं, दर वेळी तेच उत्तर – तुला ठाऊक आहे. आता हेही राहिले नाहीत.

कोणाला याचा उलगडा झाला तर जरूर कळवा. पण खरं सांगू? मला त्या बाईचा अजून हेवा वाटतो. ते वाक्य तिने ऐकलंय.