कपाटातला सीव्ही

आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर त्याला दूध मिळतं, एवढीच काय ती आमची श्रद्धा. भूतं, संकेत असं काही निघालं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहितेच.

दोन हजार सहाचा मार्च. इंग्लंडात ब्रॅकनेलमधली छोटीशी रिक्रूटमेंट एजन्सी, चार टेबलं. माझं काम इंटरनेटवरून माणसं हुडकणं. नेमके शब्द अवतरणचिन्हात टाकायचे, नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावायचं. मग जाहिराती गळून पडतात आणि कुणीतरी टाकून विसरलेला सीव्ही वर येतो.

तेव्हा हवा होता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे इन्क्युबेटर हॉस्पिटलांना विकणारा सेल्समन. अशी माणसं मोजकीच. सहा आठवडे एकही सापडला नव्हता आणि शुक्रवारी माझं प्रोबेशन संपत होतं. लिंडा, माझी मॅनेजर, गोड आवाजात म्हणाली होती, "फाइंड मी धिस वन, ऑर वी नीड टु टॉक." नोकरी गेली की वर्क परमिट गेलं, की पुण्याचं तिकीट. मला जायचं नव्हतं. फार भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी बाहेर दाट धुकं होतं. चौकातल्या राउंडअबाउटवरची डॅफोडिलची फुलं म्हणजे नुसते पिवळट डाग दिसत होते. बाकीचे लंचला गेलेले. मी शब्द उलटेपालटे करून पुन्हा शोधलं – रिझल्ट फक्त एक. मिस्टर ग्रॅहम, जवळच्याच रेडिंग गावचे. चौदा वर्षं इन्क्युबेटर विकलेले! लगेच प्रिंट काढली.

आमच्याकडे नियम होता – फोन करण्याआधी फाइलचं कपाट बघायचं, एकाच माणसाला दोनदा त्रास नको. आणि फोन झाला की सीव्हीच्या समासात तारीख, वेळ, काय बोलणं झालं ते पेनाने लिहायचं. मी खण उघडला. आत तोच सीव्ही होता. समासात त्याच दिवसाची तारीख, वेळ दोन चाळीस. खाली इंग्रजीत – बायको नोव्हेंबरमध्ये गेली, नोकरीचा विषय काढू नये, ते स्वतःच काढतील. त्याखाली मराठीत, "मध्ये बोलू नकोस. ऐकून घे."

अक्षर माझं. घड्याळात दोन पस्तीस.

मी घाबरले नाही, हेच नवल. दुपारी जेवून डोळा लागताना घरातले आवाज लांब जातात ना, तसं काहीसं झालं होतं. मी दोन चाळीसला फोन लावला आणि एजन्सीचं नाव सांगितलं.

"आय डोन्ट डू सेल्स एनी मोअर, लव्ह," ते म्हणाले.

एरवी मी लगेच पाठ केलेलं भाषण सुरू केलं असतं. शब्द जिभेवर आले होते. गप्प बसले. मग ते बोलू लागले... बायकोबद्दल, खिडकीत तिने लावलेल्या टोमॅटोच्या रोपांबद्दल. विकलेलं मशीन बघायला म्हणून वॉर्डात जायचे आणि बाळांकडेच बघत उभे राहायचे, त्याबद्दल. चाळीस मिनिटं. शेवटी म्हणाले, "यू आर द फर्स्ट वन हू लेट मी फिनिश. गो ऑन देन, व्हॉट्स द जॉब?"

फोन ठेवला. टेबलावर माझी कोरी प्रिंट तेवढी होती. खणातून काढलेला तो कागद नव्हता... खणात नाही, खाली नाही, कुठेच नाही.

संध्याकाळी माझी फ्लॅटमेट मंजिरी म्हणाली, "अगं, दुपारी जेवली नव्हतीस ना? भास झाला असेल."

"भासाला त्यांची बायको कधी गेली ते कसं कळेल?"

"बरं बाई. आधी वरणभात खा."

शुक्रवारी ग्रॅहम इंटरव्ह्यूला यायला तयार झाले. लिंडाने माझं प्रोबेशन पास केलं आणि म्हणाली, "नोट्स, प्लीज." या गडबडीत समास कोराच राहिला होता. मी पेन घेतलं. गुरुवारची तारीख, वेळ, इंग्रजीतल्या ओळी आपसूक उतरल्या. मग हात थांबला. त्या ऑफिसात मराठी वाचणारं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही, कुणी केलाच तर पटेल असंही नाही. त्या क्षणी एवढंच वाटलं, की मी ती ओळ लिहिली नाही तर गुरुवारी खण उघडणारी, नोकरीच्या धास्तीतली ती मुलगी बोलत सुटेल आणि ग्रॅहम फोन ठेवून देतील.

मी लिहिलं, "मध्ये बोलू नकोस. ऐकून घे." आणि कागद तिच्यासाठी खणात ठेवला.