गोळी बाहेरून आली

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाल्याची बातमी आम्ही सीमेवर रेडिओवर ऐकली. मी गोव्यातल्या सर्वणचा, कंपनीचा आर्मरर हवालदार. हत्यारं तपासणं, दुरुस्त करणं हे माझं काम. लान्स नायक विश्राम परब पेडण्याचा. गावाकडे कोकणी-मराठीवरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आम्ही दोघं दोन्ही बोलायचो.

वरच्या चौकीच्या खिडकीला वारा अडवायला पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट होती. बाजूला फायरिंगची फट. एका सकाळी जोडीदार पाणी आणायला खाली गेला आणि विश्राम एकटा ड्यूटीवर राहिला. सहा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परतत होती. ०९२० वाजता त्यांचा वायरलेस आला, "फायरचा आवाज. चौकी उत्तर देत नाही. ओव्हर."

आम्ही पोचलो तेव्हा विश्राम गेला होता. गोळी छातीतून आरपार. शीटला एक भोक. त्याच्या रायफलमधली एक गोळी कमी.

चौकशीत पहिला अंदाज निघाला तो असा: खिडकीकडे पाठ करून रायफल साफ करताना ती सुटली, गोळी छातीतून जाऊन शीट फोडून बाहेर गेली. म्हणजे त्याचाच हलगर्जीपणा. ही कुजबुज पत्रांतून पेडण्यापर्यंत गेली.

मी शीट उतरवून उजेडात धरली. बाहेरच्या अंगाला भोक लहान, कड साफ. आतल्या अंगाला कपच्या उडून बशीसारखा खळगा. कपच्याही चौकीच्या आतच पडलेल्या.

गोळी बाहेरून आत आली, असं मी चौकशी करणाऱ्या मेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू त्याच्या मुलखाचा. म्हणून सांगतोस?"

"नाही साहेब. फायर करून दाखवतो. मग ठरवा."

स्टोअरमध्ये त्याच शीटचा तुकडा उरला होता. रेंजवर त्यावर पाच राऊंड मारले. पाचही वेळा गोळी शिरली तिथे भोक लहान, निघाली तिथे खळगा. मेजरसाहेबांनी प्रत्येक भोकातून बोट फिरवलं. मग पेट्रोल कमांडरला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "आवाज दोन झाले होते, साहेब. दुसरा मला डोंगराचा प्रतिध्वनी वाटला. पहिला ऐकताच आम्ही आडोसा घेतला."

पहिला आवाज विश्रामचा होता. समोरच्या कड्यावर हालचाल दिसताच पेट्रोलला सावध करायला त्याने फटीतून इशाऱ्याची गोळी झाडली. उत्तर त्याच्यावर आलं.

अहवाल बदलला. पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं, तेव्हा मी सावधान उभा होतो. इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नसेन.

सुट्टीत म्हापशाहून बस पकडून पेडण्याला गेलो. विश्रामचे वडील ओसरीवर होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या झिलाची चूक न्हय?"

"नाही, बाबा. तो ड्यूटीवर होता. गोळी बाहेरून आली."

"हें देवळाकडे चार माणसांत सांगशील?"

संध्याकाळी युनिफॉर्म चढवून देवळाच्या मंडपात उभं राहून सांगितलं. परतताना वाटेत विश्रामचे वडील थांबले.

"ते गस्तीचे सहा जण घरा पावले?"

"पोचले, बाबा. सगळे."

"बरें जालें," म्हणाले, आणि माझ्यापुढे ताठ चालू लागले.