मॅग्नेशियमबाई

आमच्या विज्ञानाच्या बाई कुणाकडे गेल्या, की चहाच्या आधी मिठाची बरणी बघायला मागत. पावसाळ्यात मीठ पाझरलेलं दिसलं, की खूश व्हायच्या. सुनेच्या हाताला बोल लावणाऱ्या सासूला सांगायच्या, की मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलंय, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, हिचा काय दोष? दिवेआगरातल्या निम्म्या सुना त्यामुळे बाईंच्या बाजूच्या होत्या.

वाडीत शिरल्या, की केळीची पानं उलटसुलट करून बघत. शिरा हिरव्या आणि त्यांच्यामधला भाग पिवळा असला, तर मॅग्नेशियम कमी पडतंय म्हणून बजावत; पानाचा हिरवा रंगच त्याच्यावाचून होत नाही. गावाने त्यांना मॅग्नेशियमबाई करून टाकलं, आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

अशा बाईंच्या हातून प्रयोग गेले ते माझ्यामुळे. नववीत त्यांनी चिमट्यात धरून मॅग्नेशियमची फीत पेटवली. उजेडाकडे थेट बघू नका आणि काही झालं तरी पाणी टाकू नका, वाळू टाका, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. मी तेव्हा शेजारणीशी कुजबुजत होते. फीत निसटून टेबलावरच्या कागदांवर पडली, आणि मी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून ओतली. वाडीत वाळक्या पानांचा पातेरा पेटला की पाणी मारायचं, हे आमच्या अंगातच मुरलेलं. आग विझायची सोडून भडकली. मला बाजूला ढकलताना बाईंचं मनगट भाजलं.

मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, चूक माझी आहे. मी समोर उभी होते, पण बाईंनी आधी बजावलं होतं, हे सांगितलं नाही. प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

मग बाई वर्गात सुपाऱ्या घेऊन आल्या. मला मॅग्नेशियम केलं आणि हातात दोन सुपाऱ्या दिल्या. हे बाहेरच्या कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन. ऑक्सिजन झालेल्या मुलीने एकटीने दोन्ही नेल्या. क्लोरीनला एकच पुरते, म्हणून दोन क्लोरीन उभे करावे लागले. "देऊन टाकलं की ते स्थिर होतं," बाई म्हणाल्या. बाकीच्यांना मजा वाटली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे कित्येक वर्षांनी एका वादळात बाईंची वाडी आडवी झाली. एकटीने राहणं जमेना, तेव्हा त्या अलिबागला लेकीकडे जायला निघाल्या. मी त्यांना दिघीच्या धक्क्यावर सोडायला गेले. आगरदांड्याहून फेरीबोट येताना दिसली, आणि आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलले.

"बाई, तुम्ही पाण्याचं सांगितलं होतंत. माझंच लक्ष नव्हतं."

बाईंच्या मनावरचा भार उतरेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तुझं लक्ष नाही, हे मला दिसत होतं गो. तरी मी फीत पेटवली."

पुढे काही बोलायला वेळ नव्हता. मी त्यांची पिशवी आत ठेवून खाली उतरले. बोट सुटली. मी आधीच तोंड उघडलं असतं, तर बाईंनाही त्यांच्या मनातली ही टोचणी इतकी वर्षं एकटीने सोसावी लागली नसती.