ग्रामदेव विचारणारे भावजी

भर दुपारी ट्रकचं मागचं चाक ओहोळाच्या चिखलात रुतलेलं, माझ्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी तापाने आकडी येऊन डोळे फिरवतेय, आणि आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मदतीला आलेल्या एकुलत्या एका वाटसरूवर पहार रोखून विचारतायत, "तुजो ग्रामदेव कोण?"

असा संशयी माणूस देवाने एकच घडवला असावा, आणि तो नेमका आमच्या घरात टाकला. आधी ते असे नव्हते. चिऱ्यांचा ट्रक चालवायचे आणि रस्त्यात हात करील त्याला चढवायचे. नवरी, कोंबड्या, एकदा तर पेटीसकट भजनी मंडळ. पण सावंतवाडीला तंबूत एक सिनेमा आला. त्यात एक ट्रकवाला वाटेत कोणाला तरी गाडीत घेतो. तो वाटसरू खोटं नाव सांगतो आणि निघतो शत्रूचा हेर. शेवटी ट्रकवाल्याच्या गळ्यावर सुरी. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, हद्द आमच्या गावापासून दोन कोसांवर. भावजींना तो सिनेमा म्हणजे सरकारी ताकीदच वाटली. मीही तो पाहिला होता. मला एवढंच दिसलं, की सगळे त्या वाटसरूला पहिल्यापासून "तू कोणाचा?" म्हणून टोचत होते आणि पाण्याचं कोणी विचारत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर भावजी म्हणाले, "वयनी, राजकारण तुमका कळाचा नाय."

तेव्हापासून ते नाव विचारीनासेच झाले. नाव काय, कोणीही खोटं सांगतो. ग्रामदेव, मूळ पुरुष, मामाचा गाव, जत्रेची तिथी, सगळं जुळलं तरच ट्रकात चढायचं. पोस्टमनलाही त्यांनी उन्हात उभं करून हेच विचारलं, आणि तो आमच्याच वाडीतला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्येच्या बारशाक जेवलंस मां तू?" भावजी म्हणाले, "सिनेमातलोपण असोच वळखीचो वाटत होतो."

तर त्या दुपारी हा गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलेलाच. गळ्यात क्रूस. भावजींची पहार खाली येईना. मी ओरडले, "भावजी, देव मगे इचारा! चेडू जाता माजा!"

त्या माणसाने मुलीकडे पाहिलं आणि शांतपणे एका देवीचं नाव सांगितलं. "आमचे पूर्वज किरिस्तांव जाले, देवी न्हंयच्या पलतडी गेली. पूण आमी अजून दर वर्सा तिका नाल्ल धाडतांव."

म्हणजे धर्मांतराच्या काळात देवी नदीपलीकडे हलवलेली, आणि किरिस्तांव झालेले हे लोक तिला अजून नारळ पाठवत होते. सिनेमात असला माणूस नव्हता. भावजींनी विचारलं, "मगे तू आमचो काय तेंचो?"

"आदीं गाडी काडूंया मरे," तो म्हणाला आणि चाकाला खांदा लावला. भावजींनी पहार चाकाखाली घातली.

ट्रक निघाला. त्याला पुढे माझ्याशेजारी बसवलं आणि डॉक्टरच्या दारापर्यंत भावजींचा तोंडाचा पट्टा: नारळ कोणाच्या हाती पाठवतोस, देवीला पोचतो ना, प्रसाद परत येतो का? येतो म्हणे. मी मुलीला घेऊन आत धावले, तो बाजाराच्या गर्दीत निघून गेला.

संध्याकाळी ताप उतरू लागला तेव्हा भावजींच्या ध्यानात आलं. सगळं विचारलं होतं, नाव तेवढं राहिलं होतं. गोवा सुटल्यावर वर्ष-दोन वर्षं ते सवड मिळेल तेव्हा तिकडे जाऊन गावोगाव विचारत हिंडले, "एक किरिस्तांव, देवीक नारळ धाडता..." लोक हसून सांगत, असे पुष्कळ आहेत. घरी येऊन ते तसेच ओट्यावर बसायचे. तेव्हा मात्र मला त्यांच्यावर चिडता येत नसे.

भावजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मुलगी जगली.