पाळकसाहेबांचं 'कदाचित'

उपदेश करताना 'कदाचित' म्हणणारा पाळक आमच्या पुसदच्या मंडळीनं आधी कधी पाहिला नव्हता. सुवार्तेसाठी गावोगाव सायकल दामटणारा, येशूचं नाव घेताना डोळे भरून येणारा हा माणूस, पण वचनाचा अर्थ सांगून झाला की हळूच म्हणायचा, "निदान मला तरी असं दिसतं. कदाचित तुम्हाला वेगळं दिसेल." लोकांनी त्यांचं नावच पाडलं, कदाचितसाहेब. पेटी वाजवायला मी शेजारीच बसायचो. हसू दाबता दाबता माझा सूर चुकायचा.

सेमिनरीतून येताना त्यांनी उत्तर-आधुनिक विचारांची जाडजूड पुस्तकं आणली होती. मंडळीचे पंच दौलतराव म्हणाले, "प्रश्न जुनेच, अन् उत्तर आधुनिक! बरं हाय." साहेब पोट धरून हसले. "दौलतराव, त्याच्यात उत्तरच तर नाई. एकच मोठी गोष्ट साऱ्याईले पुरत नाई, एवढंच हाय. मंग ज्याची त्याची आयकून घ्या लागते." आणि ते खरंच ऐकत बसत. समोरच्या चहावर साय धरायची.

कापसाची ती वाईट वर्षं. मंडळीतल्या सुमनबाईच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. आत्महत्या करणारा नरकातच जातो, त्याला दफनभूमीत जागा नको, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत. साहेबांनी कोणाचं ऐकलं नाही. स्वतः फावडं घेतलं, प्रार्थना केली. माती लोटून झाल्यावर सुमनबाईनं विचारलं, "साहेब, माहा माणूस देवापाशी गेला न?"

साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कदाचित."

तिनं पदर तोंडाला लावला आणि चालू लागली. पुढच्या रविवारी साहेबांनी उपदेश केलाच नाही. "रडणाऱ्या बाईले मी पुस्तकातलं उत्तर देल्लं," एवढंच म्हणाले. "माह्या बुद्धीची मले लाज वाटून राह्यली." सुमनबाई त्या दिवशी आली नव्हती. तिच्या घरावरून जाणंही त्यांना जमेना, शेवटी बदली मागून घेतली. काही वर्षांनी ते वारल्याचं त्यांच्या पत्नीनं, पाळकबाईंनी, फोनवर कळवलं. म्हणाल्या, त्या एका शब्दाची टोचणी शेवटपर्यंत गेली नाही.

हे सगळं मी सुमनबाईला जाऊन सांगितलं. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "टोचणी कायले बापा? तुमी सारे त नरकच म्हणत होते. साहेबच एकटे कदाचित म्हणले. त्याच्यावरच जगून राह्यली मी."

बसा म्हणून तिनं खाट टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटायला हवी होती ती आम्हाला, आणि ती सगळी साहेब एकटेच घेऊन गेले.