शेवटची पाच मिनिटं

बाई सिनेमा शेवटपर्यंत दाखवत नसत. शाळेच्या सभागृहात माणूस न माणूस पडद्याकडे बघत असायचा, गोष्ट ऐन रंगात आलेली असायची, आणि बाई कडेच्या खुर्चीवरून उठून मागे जायच्या. प्रोजेक्टर चालवणाऱ्या शंकरला म्हणायच्या, "बंद कर."

"बाई, अजून रीळ बाकी आहे ना! काहून बंद करून राहिल्या? लोकं मले मारतील."

"मारू दे. बाकीचं भीतीपोटी जोडलेलं आहे. ते कशाला बघायचं?"

शंकर घुटमळला तर बाई स्वतः भिंतीतला प्लग उपटायच्या. मग दिवे लावून, हात झटकून, नायिकेबद्दल सगळ्यांना शांतपणे सांगायच्या, "ती गेली. छान गेली. आता तुम्हीपण घरी जा."

हे सगळ्याच सिनेमांच्या बाबतीत नसे, म्हणून नीट सांगते. बाईंच्या लाडाचे हॉलिवूडचे जुने बोलपट होते, तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतले. ते त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दाखवत. त्या काळात तिकडच्या सिनेमावाल्यांनी नियम केले होते, पण ते कोणी फारसे पाळत नव्हतं. पुढे कडक अंमल सुरू झाला. घर सोडून गेलेल्या बाईला सिनेमा संपायच्या आत शिक्षा तरी व्हायला हवी किंवा पश्चात्ताप तरी, असं ठरलं. बाईंच्या मते त्यानंतरचा प्रत्येक सिनेमा शेवटची पाच मिनिटं सोडून बघण्यासारखा होता.

आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. नागपुरात, धरमपेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. खादीचं पातळ, पुरुषी मनगटी घड्याळ, मोकळं कपाळ. गावात त्यांना मागून 'रीळबाई' म्हणत. कामठीच्या छावणीतला साहेबांचा एक क्लब मोडला तेव्हा तिथले फिल्मचे डबे त्यांनी सायकलरिक्षात घालून आणले होते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या, त्यामुळे बाईंनी आपलीच नावं ठेवली होती: 'जहाजवाला', 'दोन नवऱ्यांचा', 'टायपिस्टवाला'. त्या डब्यांच्या भांडवलावर आमचं सिनेमा मंडळ सुरू झालं. कॉलेज झाल्यावर मी एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागले आणि मंडळाची चिटणीसही झाले. खुर्च्या, पोस्टकार्डं, मुंबईहून येणाऱ्या नव्या सिनेमांची पार्सलं, स्टेशनावरची सोडवणूक, हे सगळं माझ्याकडे. रसिकता बाईंकडे होती.

'टायपिस्टवाला' त्यांचा सर्वांत आवडता. दारुड्या नवऱ्याला सोडून एक बाई शहरात येते, टायपिंगची नोकरी धरते, मजेत राहते. शेवटी नवरा दारात येऊन उभा राहतो. ती त्याला बसवते, चहा देते, आरशासमोर टोपी घालते आणि म्हणते, कप धुऊन ठेवा, मला उशीर होतोय. दार बंद. सिनेमा संपला. त्या दाराच्या आवाजाला बाई दरवेळी खळखळून हसायच्या. एरवी न हसणारी बाई. वर्गातल्या मुली खास ते हसू ऐकायला यायच्या.

त्याच गोष्टीवर पुढे, नियम लागू झाल्यावर, दुसरा सिनेमा निघाला होता. तोही आम्ही मागवला. त्यात सगळं तसंच, फक्त नवरा यायच्या थोडं आधी टायपिस्टला खोकला येतो. मग ताप, मग पलंग, मग नवऱ्याचे पाय. आम्ही दोघींनी तो आधी बघून ठेवला होता; लोकांसमोर बाईंनी पहिल्या खोकल्याला प्लग काढला. "खोकला आला की समजावं, नियम आला," असं म्हणाल्या. आमच्यात ते वाक्य रुळलं. हिंदी सिनेमात नायिका नुसती खाकरली तरी आम्ही मैत्रिणी एकमेकींना कोपरानं ढोसायचो.

बसायची रीतही त्यांचीच. गावात कुठल्याही कार्यक्रमाला बायका मागे किंवा एका बाजूला बसत. बाईंनी पहिली रांग बायकांची ठरवली. एका वकिलांनी कुरकूर केली तर म्हणाल्या, "तुम्ही उंच आहात. मागून दिसेल तुम्हाला." मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. सभागृह मिळावं म्हणून असा एक माणूस वर ठेवावाच लागे. ते एकदा म्हणाले, "बाई, चुकीला शिक्षाच नसेल तर यातून बोध काय घ्यायचा?"

"बोध घरून आणायचा साहेब. आम्ही फक्त सिनेमा दाखवतो."

मागे शंकर इतका हसला की त्याच्या हातातलं रीळ सुटून पार दारापर्यंत गेलं.

पडद्यावरच नाही, कुठेही एखादीची गोष्ट निघाली की बाई विचारायच्या, "शेवट कोणी लिहिला?" माझ्या वडिलांनी माझं कॉलेज सोडवून स्थळ आणलं तेव्हा मी त्यांच्याकडे रडायला गेले. त्यांनी रडू दिलं, वाटीभर पोहे दिले आणि तोच प्रश्न विचारला. मी घरी जाऊन वडिलांना नाही म्हटलं. मोठा गदारोळ झाला, पण निभावला.

स्वतःबद्दल मात्र त्या बोलत नसत. लग्न झालं होतं, वर्षाच्या आत त्या घरातून निघाल्या होत्या, नवरा अकोल्याकडे कुठेतरी आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "निघाले तेव्हा छत्री घेतली आणि बी.ए.चं सर्टिफिकेट. बाहेर ऊन होतं." काडीमोड झाला नव्हता. कोर्टात जाऊन वेळ घालवण्याइतकं ते महत्त्वाचं नाही, असं त्यांचं मत. कागदाचं महत्त्व मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात ठेवलं. मी डबा घेऊन गेले तर खोकून खोकून लाल झालेल्या, आणि त्यातही हसत होत्या. "सुमन, खोकला आला वं. नियम आला."

"काहीतरीच बोलू नका."

त्यांनी माझं मनगट धरलं. हसू गेलं होतं. "ऐक. तो माणूस जिवंत आहे. मी गेले तर माझी वहिनी मला सवाष्ण म्हणून हिरवं नेसवेल, मळवट भरेल. अख्खी गल्ली पाया पडेल. मला ते नको. माझं राखाडी पातळ नेसव. कपाळ आहे तसं राहू दे. माझा शेवट सांभाळ, एवढंच."

मी कामाला लागले. राखाडी पातळ धुऊन, इस्त्री करून पिशवीत घातलं. त्यांच्या भावाला समक्ष भेटून सांगितलं. ते चपला घालता घालता म्हणाले, "हो हो, तिच्या मनासारखंच करू." शाळेत मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं. शंकरलाही सांगून ठेवलं. याहून जास्त काय करता येतं, ते मला आजही सुचत नाही.

बाई पहाटे गेल्या. भावानं आधी अकोल्याला तार केली, मग दवाखान्याची कागदपत्रं केली. मला निरोप शंकरकडून आला. आम्ही पोचलो तेव्हा भावाच्या घरी अंगणात चटईवर बाई होत्या. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, काळी पोत, नाकात कुणाचीतरी नथ. घड्याळ काढून घेतलं होतं. मनगटावर त्याच्या पट्ट्याची पांढरी खूण तेवढी राहिली होती, तिच्यावर बांगड्या.

मी पिशवी पुढे केली. "वहिनी, त्यांनी सांगितलं होतं, हे पातळ—"

"तू कोण वं? घरची आहेस का?" वहिनींचा आवाज वाईट नव्हता. त्या खरंच रडत होत्या. "जन्मभर पोरीनं उघडं कपाळ मिरवलं. निदान जाताना तरी भरल्या कपाळानं जाऊ दे तिले."

"त्यांना नको होतं."

"तिले काय कळत होतं?"

भाऊ चपला घालून फाटकाबाहेर गेले. गल्लीतल्या बायका रांगेनं येऊन हळदकुंकू वाहत होत्या, पाया पडत होत्या. यांतल्या कितीतरी जणी बाईंना पाहून कपाळाला आठ्या घालायच्या. आज म्हणत होत्या, "भाग्यवान वं बाई, अहेव गेली." फाटकाशी शंकर उभा होता. मोठ्यानं म्हणाला, "बाईले काहून सजवून राहिले असं?" त्याला दोघा-तिघांनी बाहेर नेलं.

दुपारी नवरा आला. मी मनात एक राक्षस तयार ठेवला होता. टांग्यातून उतरला तो एक काळी टोपी घातलेला, हात थरथरणारा म्हातारा. कोणाशी काय बोलावं हे त्यालाही कळत नव्हतं. माझ्या हातातली पिशवी बघून मी घरचीच कुणी असेन असं त्याला वाटलं असावं. हळूच विचारलं, "शाळेत होत्या ना? काय शिकवत होत्या?"

"भूगोल."

"असं, असं," म्हणून त्यानं मान हलवली. मग वहिनींनी करंडा पुढे केला आणि त्यानं आपल्या बोटानं बाईंच्या कपाळावर कुंकू लावलं. बोट थरथरल्यामुळे ते भुवईपर्यंत ओढलं गेलं. कोणी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: अमुक यांच्या धर्मपत्नी, अहेवपणी देवाज्ञा. शिक्षिका होत्या हेही खाली बारीक अक्षरांत होतं. सिनेमाचा उल्लेख नव्हता.

मंडळाची शोकसभा मीच घेतली. सभागृह तेच, पहिली रांग बायकांची. वहिनीही आल्या होत्या. 'टायपिस्टवाला' लावायचा, भाषणं नकोत, असं मी ठरवलं होतं, पण अध्यक्षांना दोन शब्द नाकारता येईनात. त्यांनी माइक हातात घेतला. सुरुवात बरी झाली: शिस्तप्रिय शिक्षिका, कलेची आवड. मग म्हणाले, "वाट चुकली तरी पाखरू अखेर घरट्याकडेच येतं. बाईंनी आयुष्यभर कितीही स्वातंत्र्य भोगलं, तरी शेवटी पतीच्या हातचं कुंकू लेऊन..."

माइक बंद पडला. मी मागे वळले. शंकर भिंतीपाशी उभा होता, हातात प्लग.

मी त्याच्याजवळ गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवटची पाच मिनिटं लागली होती ना, ताई."

दिवे अजून लावलेले नव्हते, त्यामुळे अध्यक्षसाहेबांना वाटलं, लाइट गेली. नागपुरात ते रोजचंच. त्यांनी माइक बाजूला ठेवला, दोन पावलं पुढे आले आणि आवाज चढवून राहिलेलं सगळं बोलले. मागे कोणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेत मात्र शब्द न शब्द ऐकू येत होता. तिथल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.