उजवा खांदा

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर काश्मीरमध्ये, बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार होतो. ०७०० वाजता पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघे, १३०० ला परत येई. माझ्या सेक्शनमध्ये नाईक दत्ताराम होता. तोही आमच्या पोलादपूरचा, उमरठजवळच्या वाडीतला.

त्या दिवशी ०९४० वाजता कड्याच्या कडेचा बर्फ तुटला. दत्ताराम खाली गेला. मी पालथा पडून त्याचा हात धरला. माझा खांदा निखळला. मागचा जवान रेडिओवर सांगत होता, "एक जवान कड्याखाली. दोर पाठवा. ओव्हर." मीही हळूहळू कडेकडे सरकत होतो.

"दादा, सोड," दत्ताराम म्हणाला. "नायतर तू पन येशील."

ड्युटीवर तो मला कधी दादा म्हणत नसे.

०९४६ ला माझ्या हातात फक्त त्याचा हातमोजा उरला. मी सोडलं की सुटलं, हे मला अजून सांगता येत नाही.

खांद्याचं ऑपरेशन झालं, पेन्शनवर गावी आलो, पण हात छातीच्या वर जाईना. महाडच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला, हातात रिमोट दिला. समोर आमराई दिसू लागली. बटण दाबून वरचा आंबा धरायचा, टोपलीवर आणून बटण सोडायचं. खेळात मन गुंतलं की हात आपोआप वर जातो, असं त्या म्हणाल्या.

हात खरंच कानापर्यंत गेला. आंबा टोपलीवर आला.

"काका, आता सोडा."

बोटं उघडेनात. खुर्चीत बसलो होतो, तरी पायांखाली काही नाही असं वाटलं.

"काका, सोडा ना."

"नाही सोडणार."

मॅडमनी हेडसेट काढला. "कोणाला धरलं होतं?" त्यांनी विचारलं. मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

सहाव्या आठवड्यात आंबा टोपलीत पडला. त्याच रविवारी मी दत्तारामच्या घरी गेलो. बर्फ कोसळला, एवढंच त्याच्या आईला माहीत होतं. सगळं सांगितलं, दत्ताराम काय म्हणाला तेही.

म्हातारीनं एवढंच विचारलं,

"घाबरला व्हता का रे तो?"

"नाय, काकी. मी घाबरलो होतो."

नाईक दत्ताराम एकोणतीस वर्षांचा होता. सहा मिनिटं तो त्या कड्याला लटकला होता, आणि शेवटपर्यंत त्याला काळजी माझी होती.